स्वभाव आणि भावनांचे इंग्रजी शब्द पाठ होतात पण ऐन वेळी तोंडात येत नाहीत, काय करायचं?

प्रश्न थोडक्यात असा आलाय: शिक्षण मराठी माध्यमातून, आता पुण्यात आयटीत नोकरी, वर्षाअखेरीला टीममधल्या लोकांबद्दल इंग्रजीत फीडबॅक लिहावा लागतो, आणि माणसाबद्दल काही सांगायचं म्हटलं की गुड, नाइस, हेल्पफुल, अँग्री, सॅड याच्यापुढे गाडी जात नाही. स्वभावाच्या पाचशे शब्दांची पीडीएफ दोनदा पाठ केली, ऐन वेळी एकही शब्द आठवत नाही.

मी बरीच वर्षं स्पोकन इंग्लिश, आयईएलटीएस (परदेशी जाण्यासाठी द्यावी लागणारी इंग्रजीची परीक्षा) आणि एसएसबी (सैन्यात अधिकारी निवडण्याची मुलाखत) यांची तयारी करणाऱ्यांना शिकवतोय, ही तक्रार दर बॅचला ठरलेली असते, म्हणून जरा सविस्तर लिहितो. माझं मत एका वाक्यात सांगायचं तर आधी माणूस घ्या आणि मग त्याच्यासाठी शब्द शोधा, उलटं केलं की पीडीएफ तयार होते.

त्या पीडीएफमध्ये गडबड काय असते बघा. हट्टी या एका शब्दासमोर स्टबर्न, ऑब्स्टिनेट, ॲडमंट, हेडस्ट्राँग, पिग-हेडेड असे पाच शब्द एका रांगेत उभे असतात आणि सगळ्यांचा अर्थ एकच दिलेला असतो. आपल्याला वाटतं सारखे शब्द एकत्र शिकले की सोपं जाईल. प्रत्यक्षात ते डोक्यात एकमेकांच्या पायात पाय घालतात. १९९० च्या दशकात टिंकहॅम आणि वॉरिंग या दोन संशोधकांनी याच्यावर प्रयोग केले होते, अर्थाने जवळचे शब्द एकत्र दिले तर शिकायला जास्त वेळ लागतो असंच दोघांच्या प्रयोगात निघालं. एका प्रसंगात जे शब्द एकत्र येतात, समजा रेल्वे स्टेशनवर भांडण, गर्दी, उशीर, चिडणं, समजूत काढणं, असे शब्द मात्र एकत्र शिकायला सोपे जातात. म्हणजे समानार्थी शब्दांची यादी हा सगळ्यात अवघड रस्ता आणि बाजारात सगळीकडे तोच विकायला ठेवलेला.

दुसरं, या यादीला अंतच नाही. १९३६ मध्ये ऑलपोर्ट आणि ऑडबर्ट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी जाडजूड वेबस्टर डिक्शनरी पालथी घालून माणसाचं वर्णन करणारे शब्द वेचले, ते निघाले १७,९५३. त्यातले पक्क्या स्वभावाचे म्हणावेत असे साडेचार हजारच्या आसपास. आता एवढे कोण पाठ करणार आणि कशाला. पण त्या दोघांनी केलेली विभागणी आपल्या फार कामाची आहे: कायमचा स्वभाव एका रकान्यात, तात्पुरती मनःस्थिती दुसऱ्या रकान्यात, आणि बोलणाऱ्याने मारलेला शेरा तिसऱ्या रकान्यात. चौथ्यात उरलेलं सगळं. शब्द दिसला की पहिल्यांदा हाच प्रश्न विचारायचा, हा माणूस असा आहे, की आत्ता असा झालाय, की मला तो तसा वाटतोय?

हे आपल्याला मराठीत आपोआप जमतं. चिडका वेगळा आणि चिडलेला वेगळा, भित्रा वेगळा आणि घाबरलेला वेगळा, लाजाळू वेगळा आणि ओशाळलेला वेगळा, हे कुणी शिकवावं लागलं नाही. इंग्रजीत गेलो की मात्र सगळ्याला अँग्री आणि शाय. तर चिडका म्हणजे इरिटेबल, चिडलेला म्हणजे इरिटेटेड. भित्रा टिमिड, घाबरलेला स्केअर्ड. लाजाळू शाय, ओशाळलेला एम्बॅरस्ड. संतापी माणूस हॉट-टेम्पर्ड किंवा शॉर्ट-टेम्पर्ड, नुसता रागावलेला अँग्री. अशा जोड्या करून शिका, दोन्ही शब्द जवळचे असले तरी काम वेगळं असल्यामुळे गोंधळ होत नाही. फीडबॅकमध्ये तर हा फरक जीवघेणा आहे, कारण रिलीजच्या आठवड्यात जो एकदा वैतागला होता त्याला तुम्ही इरिटेबल लिहिलंत की त्याच्या स्वभावावरच शिक्का मारलात.

इथेच ग्रामरची एक छोटी गंमत आहे जी फार कमी क्लासेसमध्ये सांगतात. ‘ही इज डिफिकल्ट’ म्हणजे माणूसच अवघड आहे. ‘ही इज बीइंग डिफिकल्ट’ म्हणजे आत्ता, या विषयात, मुद्दाम आडवं लावतोय. एक बीइंग घातलं की स्वभावाचं वागणं होतं. रूड, सिली, अनफेअर, स्टबर्न, चाइल्डिश, जेनरस, या सगळ्यांबरोबर चालतं. हॅपी, सॅड, टायर्ड यांच्याबरोबर नाही चालत, कारण त्या अवस्था आहेत, माणूस ठरवून तसं वागत नसतो.

भावनांच्या बाबतीत मराठी माणसाची खरी अडचण शब्दांत कमी आणि वाक्यरचनेत जास्त आहे. आपल्याकडे भावना येतात आणि वाटतात. मला राग आला, कंटाळा आला, भीती वाटली, टेन्शन आलं, कीव आली. माणूस आपला जागेवर बसलेला आणि भावना पाहुण्यासारखी दारातून आत येते. इंग्रजीत माणूस कर्ता होतो आणि भावनेचं विशेषण होतं, त्यामुळे आय गॉट अँग्री, आय वॉज बोअर्ड, आय फेल्ट सॉरी फॉर हिम. नवा भावनेचा शब्द भेटला की गेट, फील आणि बी या तिघांपैकी कुणाबरोबर तो बसतो ते बघून ठेवायचं, तेवढ्याने निम्मी अडखळ जाते. कंटाळा आला हे सांगायला ‘आय ॲम बोअरिंग’ म्हणणारे अजून भेटतात, म्हणजे मीच रटाळ माणूस आहे अशी कबुली. एड लावलेला शब्द ज्याला वाटतं त्याच्यासाठी, आयएनजी लावलेला ज्याच्यामुळे वाटतं त्याच्यासाठी. तसंच माझ्यावर रागावला याचं ‘अँग्री ऑन मी’ होतं कारण आपला ‘वर’ डोक्यात असतो. माणसावर असेल तर अँग्री विथ किंवा ॲट, गोष्टीवरून असेल तर अबाउट. प्राउड ऑफ, जेलस ऑफ, अशेम्ड ऑफ, वरीड अबाउट, हे शब्द शेपटासकटच लक्षात ठेवायचे, नुसता प्राउड पाठ करून उपयोग नाही.

तीव्रतेचंही तसंच. रॉबर्ट प्लुचिक नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९८० मध्ये भावनांचं एक चक्र मांडलं, नेटवर रंगीत फुलासारखं चित्र मिळतं, त्यात आठ मूळ भावना आणि प्रत्येकीच्या तीन पायऱ्या आहेत. अनॉयन्स, अँगर, रेज. ॲप्रिहेन्शन, फिअर, टेरर. मानसशास्त्रात त्याच्यावर कितीही वाद असोत, शब्द शिकणाऱ्याला ते चित्र सोन्यासारखं आहे, कारण आपण नेहमी मधल्या पायरीवर अडकलेलो असतो. रोजच्या आयुष्यात माणूस अँग्री फार कमी वेळा होतो, बहुतेक वेळा तो अनॉइड असतो, नाहीतर अपसेट, आणि अपसेटमध्ये दुखावलेपण आणि राग दोन्ही येतं, फार सोयीचा शब्द आहे. वरच्या टोकाला फ्युरियस आहे, त्याच्याआधी व्हेरी लावत नाहीत, ॲब्सोल्युटली लावतात, कारण फ्युरियसमध्ये व्हेरी आधीच भरलेलं आहे. टेरिफाइड, डिलायटेड, एक्झॉस्टेड यांचंही तेच. फ्रस्ट्रेटेड हा शब्द आपल्याकडे निराश, खचलेला अशा अर्थाने सरसकट चालतो, पण इंग्रजीत काहीतरी करायचंय आणि कुणीतरी किंवा काहीतरी अडवतंय त्यातून येणारी चडफड म्हणजे फ्रस्ट्रेशन. सर्व्हर सारखा डाऊन जातोय म्हणून फ्रस्ट्रेटेड, बरोबर. आजी गेली म्हणून फ्रस्ट्रेटेड, चूक.

आता तिसरा रकाना, शेऱ्याचा. बर्ट्रांड रसेल या ब्रिटिश तत्त्वज्ञाने १९४८ मध्ये बीबीसी रेडिओच्या एका कार्यक्रमात गंमत म्हणून एक क्रियापद चालवून दाखवलं होतं: मी फर्म आहे, तू ऑब्स्टिनेट आहेस, तो पिग-हेडेड मूर्ख आहे. वागणं तिघांचंही तेच, कुणाबद्दल बोलतोय त्यावर शब्द बदलला. आपण काय वेगळं करतो? आपला तो करारी आणि दुसऱ्याचा तो हेकट. आपण काटकसरी, शेजारी चिक्कू, आणि ज्याच्याशी भांडण आहे तो कवडीचुंबक. इंग्रजीत हीच उतरंड थ्रिफ्टी, स्टिंजी, मायझर्ली. चौकस तो क्युरिअस, भोचक तो नोझी. आपलं म्हणणं ठामपणे मांडणारा असर्टिव्ह, अंगावर येणारा ॲग्रेसिव्ह. पीडीएफ तुम्हाला हे सांगत नाही, पण ऑक्सफर्ड किंवा केंब्रिजची लर्नर्स डिक्शनरी सांगते, दोन्ही ऑनलाइन फुकट आहेत, शब्दाच्या अर्थाजवळ अप्रूव्हिंग किंवा डिसअप्रूव्हिंग असं लेबल असतं. ते लेबल बघितल्याशिवाय माणसाबद्दलचा एकही नवा शब्द ऑफिसच्या मेलमध्ये टाकू नका. मराठी-इंग्रजी ॲप्समध्ये हे लेबल बहुधा नसतंच, म्हणून ती ॲप्स मी या कामाला वापरू देत नाही.

याहून घातक म्हणजे जे शब्द आपल्याला येतात असं वाटतं ते. स्थळांच्या जाहिरातीत ‘होमली गर्ल’ असतं, आपल्याला अभिप्रेत असते घर सांभाळणारी मुलगी, पण अमेरिकेत होमली म्हणजे दिसायला बरी नसलेली. लंडनमध्ये हाच शब्द उबदार, घरगुती वाटणाऱ्या जागेला लावतील. ‘ही इज अ सिंपल मॅन’ हे आपण कौतुकाने म्हणतो, बाहेरच्याला तो माणूस जरा कमी डोक्याचा आहे असंही ऐकू येऊ शकतं, तिथे अनअझ्युमिंग किंवा डाउन-टु-अर्थ म्हणा. शाळेच्या प्रगतिपुस्तकात ‘सिन्सिअर स्टुडंट’ असतं, म्हणजे नेमाने अभ्यास करणारा. इंग्रजीत सिन्सिअर म्हणजे आत एक बाहेर एक नसणारा, अभ्यासू आणि जबाबदार मुलाला कॉन्शिएन्शस किंवा डिलिजंट म्हणतात. ‘त्याला लई ॲटिट्यूड आहे’ हे तर आता मराठीच झालंय, पण परदेशी मॅनेजरला लिहिताना ॲरोगंट किंवा डिसमिसिव्ह लिहा, आणि खरं तर तेही लिहू नका, का ते पुढे येतं.

आता पद्धत. तुमच्या चांगल्या ओळखीची दहा-बारा माणसं निवडा. आई, सासरे, टीम लीड, सोसायटीचे सेक्रेटरी, शाळेतला तो एक मित्र ज्याच्याशी आता बोलणं होत नाही. प्रत्येकाबद्दल आधी मराठीत लिहा आणि हात राखून लिहू नका, खवचट असेल तर खवचट लिहा. आपल्याकडे स्वभावाच्या शब्दांची काय श्रीमंती आहे ते तेव्हा कळतं: भिडस्त, लाघवी, घुम्या, धांदरट, आतल्या गाठीचा, निगरगट्ट, तिरसट, चोखंदळ, गोडबोल्या. मग इंग्रजी शोधा. तिरसटला सर्ली किंवा कँटँकरस, आतल्या गाठीच्याला सीक्रेटिव्ह किंवा केजी, धांदरटला स्कॅटरब्रेन्ड, निगरगट्टला थिक-स्किन्ड, चोखंदळला चूझी किंवा फस्टिडिअस, खवचट बोलण्याला स्नाइड. अडलात तर मोल्सवर्थचा जुना मराठी-इंग्रजी कोश बघा, पहिली आवृत्ती १८३१ ची आणि दुसरी १८५७ ची, शिकागो विद्यापीठाच्या साइटवर फुकट शोधता येतो, स्वभावाच्या मराठी शब्दांना त्याने एकेकाला इतके इंग्रजी शब्द दिलेत की मजा येते. इंग्रजी अर्थातच दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वीचं, म्हणून तिथून उचललेला शब्द लर्नर्स डिक्शनरीत तपासून मगच वापरायचा.

काही शब्दांना जोडच मिळणार नाही. भिडस्त घ्या. समजा तुमचे एक काका आहेत, कुणीही उसने मागितले की नाही म्हणवत नाही, स्वतःचे परत मागायला तोंड उघडत नाही, लग्नात जेवायला वाढणारा पुढे निघून गेला तर हाक मारत नाहीत. याला शाय म्हणता येत नाही कारण गप्पा मारायला काका पटाईत आहेत. पुशओव्हर म्हटलं तर हिणवल्यासारखं होतं. मग सरळ वाक्य करायचं: ही फाइंड्स इट हार्ड टु से नो, अँड ही हेट्स आस्किंग फॉर व्हॉट्स हिज. बास. विशेषण नसलं म्हणून काही बिघडत नाही, हे वाक्य कुठल्याही विशेषणापेक्षा जास्त सांगतं. आणि पुढच्या वेळी ‘फाइंड्स इट हार्ड टु’ हा साचा दुसऱ्या कुणासाठी वापरता येतो.

प्रत्येक माणसाला तीन शब्द पुरे, पण प्रत्येक शब्दाखाली त्या माणसाचा एक प्रसंग इंग्रजीत लिहायचा. मग अँकी नावाच्या उजळणीच्या ॲपमध्ये, किंवा साध्या कागदाच्या कार्डांवर, पुढच्या बाजूला मराठी शब्द न लिहिता माणूस आणि प्रसंग लिहा: ‘काका, लग्नाची पंगत’. मागे इंग्रजी वाक्य. दुसऱ्या दिवशी, मग तीन-चार दिवसांनी, मग आठवड्याने, मग महिन्याने बघा. विसरण्याचा वेग सुरुवातीला सगळ्यात जास्त असतो हे एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ मध्येच दाखवून दिलंय, म्हणून पहिली उजळणी दुसऱ्या दिवशी चुकवायची नाही, बाकीच्या एखाद दिवस इकडेतिकडे झाल्या तरी चालतं. या हिशोबाने दोन-तीन महिन्यांत शंभरेक शब्द होतात आणि ते वेळेला येतात, कारण बोलताना तुमच्या डोळ्यासमोर माणूसच असतो, यादी नसते.

एसएसबीला याचा फायदा लख्ख दिसतो. तिथे मानसशास्त्रीय चाचण्यांत सेल्फ डिस्क्रिप्शन असतं, साधारण पंधरा मिनिटांत पाच गोष्टी लिहायच्या: आईवडील तुमच्याबद्दल काय म्हणतात, शिक्षक काय म्हणतात, मित्र काय म्हणतात, तुम्हाला स्वतःला काय वाटतं आणि पुढे कसं व्हायला आवडेल. आपली मुलं पाचही ठिकाणी ऑनेस्ट, हार्डवर्किंग, पंक्च्युअल लिहून येतात. अरे बाबा, आई तुला पंक्च्युअल म्हणते? आई म्हणते पसारा करतो, पण आजारपणात रात्रभर उशाशी बसतो. मग तेच लिही ना: माय मदर कॉल्स मी अनटायडी, बट शी रिलाइज ऑन मी व्हेन समवन इज इल. अनटायडी आणि रिलाय ऑन, दोनच साधे शब्द, आणि माणूस उभा राहिला. आयईएलटीएसच्या स्पीकिंगमध्येही दुसऱ्या भागात अनेकदा एखाद्या व्यक्तीचं वर्णन येतं, एक मिनिट तयारी आणि दोन मिनिटांपर्यंत बोलायचं, त्यात शब्दसंपत्तीला पाव हिस्सा मार्क असतात, आणि ते शब्द कुठे कसा बसलाय यावर असतात. बोजड शब्द चुकीच्या जागी टाकून मार्क जातात, हे मुलांना पटवताना घसा कोरडा पडतो.

लक्षात राहायला मदत म्हणून शब्दांची कुळकथाही बघत जा, काही फार मजेशीर असतात. आपल्याकडे जसं कफ-वात-पित्त तसं जुन्या ग्रीक वैद्यकात रक्त, कफ, पिवळं पित्त आणि काळं पित्त असे चार रस होते, त्यातून सँग्विन (उत्साही, आशावादी), फ्लेग्मॅटिक (थंड, शांत), कॉलरिक (तापट) आणि मेलँकॉलिक (उदास) आले. मेलँकॉली म्हणजे शब्दशः काळं पित्त. आपलं पित्त खवळतं ते रागाने, त्यांचं पिवळं खवळलं की राग आणि काळं वाढलं की उदासी. जोव्हिअल (आनंदी) गुरू ग्रहावरून, सॅटर्नाइन (गंभीर, खिन्न) शनीवरून, मर्क्युरिअल (क्षणात मूड बदलणारा) बुधावरून. रागीट माणसाला जमदग्नी म्हणणाऱ्यांना हे शब्द परके वाटायचं कारण नाही. फक्त यातले कॉलरिक आणि सॅटर्नाइन आता पुस्तकी झालेत, बोलताना वापरले तर समोरचा बघत राहील.

आता तुमच्या फीडबॅककडे. इंग्रजी ऑफिसात, त्यातही ब्रिटिश लोकांबरोबर, माणसावर थेट विशेषण फेकत नाहीत. लेझी कुणी लिहीत नाही, ‘टेंड्स टु लीव्ह थिंग्ज टु द लास्ट मिनिट’ लिहितात. इम्पेशंटच्या जागी ‘नॉट द मोस्ट पेशंट पर्सन’, बॉसीच्या जागी ‘कॅन बी अ बिट कंट्रोलिंग अंडर प्रेशर’. टेंड्स टु, कॅन बी अ बिट, ॲट टाइम्स, या तीन तुकड्यांनी तुमचं निम्मं काम होईल. उलट कौतुक करताना हात आखडू नका, तिथे नेमकं विशेषण शोभतं: बारकाईने काम करणारी मेटिक्युलस, गडबडीत डोकं शांत ठेवणारा अनफ्लॅपेबल, न सांगता पुढे होऊन काम उचलणारी प्रोॲक्टिव्ह, दिलेला शब्द पाळणारा डिपेंडेबल. विशेषणाच्या मागे लगेच एक प्रसंग, म्हणजे कुठल्या महिन्यात काय केलं ते, नाहीतर मेटिक्युलससुद्धा गुडइतकंच पोकळ वाटतं.

लिहिण्याबरोबर बोलावंही लागणार असेल तर उच्चार ऐकून घ्या. डिटरमाइन्ड नाही, डिटर्मिन्ड. जेन्युआइन नाही, जेन्युइन. नाईव्ह हा नाइ-ईव्ह असा दोन तुकड्यांत. अँक्शस आणि अँग्झायटी एकाच घरातले असून वेगळे वाजतात. यूग्लिश या वेबसाइटवर शब्द टाकला की खरी माणसं तो बोलताना व्हिडिओत दिसतात.

आणि वाचायचं काय असं विचाराल तर इंग्रजी वर्तमानपत्रांतले मृत्युलेख वाचा, ब्रिटिश पेपरांत ते फार निगुतीने लिहिलेले असतात आणि सातआठशे शब्दांत एक अख्खा माणूस उभा करायचा असल्यामुळे स्वभावाचे शब्द जागच्या जागी बसलेले सापडतात. ते जड वाटलं तर क्रिकेटवरचे लेख आहेतच. ग्रिटी, टेम्परामेंटल, मर्क्युरिअल, कम्पोज्ड हे शब्द तिथे रोज दिसतील, आणि ग्रिटी म्हणजे काय हे द्रविडची बॅटिंग पाहिलेल्याला डिक्शनरी उघडून बघावं लागत नाही.